पिल्लं नाहीत, घरटं आहे

“एक पिल्लू आमच्यासाठी ठेवा हं.” जिन्यात, वाण्याच्या दुकानात, एकदा तर हळदीकुंकवात ओटी भरता भरता हे वाक्य मी ऐकलंय. ज्यांनी घरी येऊन दिवाणाखाली वाकून पाहिलंय त्यांचा प्रश्न थोडा पुढचा असतो: घरात नर नाही, मग ही ससीण घरटं कुणासाठी करतेय? आणि त्याच्या मागोमाग, जरा आवाज उतरवून, “बिचारीला आई व्हायचं असेल हो.” तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

खारी आमच्या दोन सशांमधली थोरली. रंग खारी बिस्किटाचा म्हणून खारी. फोनवर लोकांना ‘खार’ ऐकू येतं, तो खुलासा वेगळा करावा लागतो. धाकटी चकली. दोघीही माद्या, आणि पहिल्यांदा हे घडलं तेव्हा दोघींचीही नसबंदी झालेली नव्हती.

नोव्हेंबरातली संध्याकाळ होती, खारी नऊ महिन्यांची. मी ओट्याशी पोळ्या लाटत होते. ती गवताच्या ट्रेपाशी गेली, पण खाईना. एकेक काडी तोंडात आडवी धरत होती. पहिली न सोडता दुसरी, दुसरी न सोडता तिसरी. शेवटी दोन्ही गालांबाहेर गवत आलं, जुन्या फौजदाराच्या मिशांसारखं. मग मान उंच करून, गवत पायात येऊ न देता, दुडक्या चालीने दिवाणाखाली. रिकाम्या तोंडाने परत. अशा अकरा खेपा मी मोजल्या, मग तव्यावरची पोळी करपली आणि मोजणं राहिलं.

रात्री साडेनऊला दिवाणाखालून आवाज यायला लागला. कापसाचं बोंड ओढून फोडावं तसा, पण भराभर. टॉर्च मारला. गाईच्या गळ्याखाली कातडीची पोळी लोंबते ना, तशी पोळी मोठ्या सशिणींनाही असते. खारी हनुवटी छातीत खुपसून त्या पोळीवरचे केस दातांनी उपटत होती. एक झुपका उपटायचा, गवतात ठेवायचा, नाकाने दाबायचा, की पुन्हा झुपका. छाती गुलाबी दिसायला लागली होती. मला वाटलं हिला काहीतरी भयंकर झालंय. सासूबाई मागून म्हणाल्या, “अगं, पोर बाळंत होतेय. तो दिवा बंद कर आधी.” आणि आपल्या जुन्या नऊवारीचा मऊ तुकडा आणून दिवाणाच्या कडेला सारला. खारीने तो नाकाने बाहेर ढकलला.

सकाळी पाहिलं तर दोन लिटरच्या पातेल्याएवढा खळगा तयार होता. बाहेर गवत, आत केस, वरूनही केसांचं पांघरूण. मी त्यात बोट घातलं. आत काहीच नव्हतं, पण काही क्षणांत बोटाला ऊब जाणवायला लागली. ती माझ्याच बोटाची होती, केसांनी धरून ठेवलेली.

तीन दिवस आम्ही घरात हळू बोललो. चौथ्या दिवशी खारीने त्याच घरट्यातलं गवत ओढून खाल्लं, उरलेल्यावर लेंड्या टाकल्या आणि बाल्कनीत जाऊन पाय ताणून झोपली. पिल्लं नाहीत, शोक नाही, काही नाही.

आमच्या डोक्यात पहिला संशय चकलीवर. दुकानात नर-मादी ओळखण्यात सर्रास चूक होते, त्यामुळे चकली ‘चकला’ निघाली असेल असं आम्ही धरून चाललो. डॉक्टरांनी तिला उताणं करून पाहिलं आणि सांगितलं, मादीच. मग विचारलं, “ही खारीवर चढते का?” चढते तर. दोघींत थोरली कोण, याचा वाद त्या तसाच मिटवतात. “कधी चढली होती?” ते कोण लिहून ठेवतं? (आता मी ठेवते. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी बारीक ‘च’ असतो.)

गोष्ट अशी आहे. गाय साधारण एकवीस दिवसांनी माजावर येते, तसं ठरलेलं चक्र सशाला नाही. मादीची अंडी तयार असतात, पण ती आपोआप सुटत नाहीत. संग झाला की दहा-बारा तासांनी सुटतात. मांजराचंही असंच असतं. शरीराला खूण हवी असते, आणि ती खूण नराने दिली की दुसऱ्या मादीने, हे शरीर तपासत बसत नाही. कधी कधी एकट्या मादीलाही हे होतं. अंडी सुटली की त्या जागी पीतपिंड नावाची बारीक गाठ तयार होते, ती प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारं संप्रेरक सोडायला लागते, आणि शरीर गाभण असल्यासारखं वागू लागतं. खरी गाभण मादी ३० ते ३२ दिवसांनी विते. गर्भच नसेल तर पीतपिंड १६ ते १८ दिवसांत मावळतो, प्रोजेस्टेरॉन उतरतं, दूध आणणारं प्रोलॅक्टिन वर येतं. विण्याच्या आधी जी उलथापालथ व्हायची, ती अर्ध्या वाटेवरच होते. याला खोटं गाभणपण म्हणतात. त्या दोन-तीन दिवसांत गवत गोळा करणं, केस उपटणं, गुरगुरणं, सगळं यथासांग पार पडतं. दूधही येऊ शकतं.

केस उपटताना दुखत असेल, हा प्रश्न मलाही पडला होता. त्या दिवसांत छाती-पोटावरचे केस मुळाशीच सैल होतात, म्हणून ते झुपक्याने निघतात आणि खालची कातडी साफ राहते. उघडे पडतात ते सड. पिल्लांना ते सापडायला हवेत. म्हणजे एकाच कामात गादीही होते आणि दुधाची वाटही मोकळी होते. मात्र तुमच्या सशाची मान किंवा पाठ टकली पडली असेल तर घरट्याचं नाव घेऊ नका. घरट्यासाठी ती तिथले केस काढत नाही. तो बहुधा किडीचा किंवा दुसऱ्या सशाचा प्रताप असतो.

सिन्नरकडच्या माझ्या मामाला मी हे सांगितलं तर तो हसलाच. “सशाला कसलं आलंय घरटं? आख्खा जन्म बाजरीत गेला माझा. ससा गवतात दबून बसतो आन् पिल्लं तिथंच टाकतो.” मामाचं काही चुकलेलं नाही. त्याने पाहिलेला तो रानससा. त्याची पिल्लं अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊनच जन्मतात, त्यांना गादी लागत नाही. (तो पाळता येत नाही, वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.) आपण घरात पाळतो ते मूळचे स्पेन-पोर्तुगालकडचे, बिळात राहणारे. दोघांना मराठीत आपण ‘ससा’च म्हणतो, पण प्राणी इतके वेगळे की त्यांची एकमेकांपासून पिल्लंही होत नाहीत. या बिळातल्याचं पिल्लू उघडंनागडं, डोळे मिटलेलं, पन्नासेक ग्रॅमचं. डोळे उघडायला दहा दिवस जातात.

आणि आई त्यांच्यापाशी बसत नाही. हे मला कळलं तेव्हा त्या पातेल्याएवढ्या खळग्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहिलं. कोंबडी जशी पंखाखाली घेते तसं इथे काही नसतं. दिवसातून बहुधा एकदाच येते, तीन-चार मिनिटं पाजते, निघून जाते. रानात तर जाताना बिळाचं तोंड मातीने बुजवते. सारखी ये-जा केली तर कोल्ह्याला वास लागेल. उरलेले तेवीस तास छपन्न मिनिटं पिल्लांना आई म्हणून असतात ते तिचे उपटलेले केस. आपण त्याला पाळणा समजतो. ती खरं तर स्वतः नसण्याची सोय करत असते.

म्हणून “बिचारीला आई व्हायचं असेल” हे वाक्य मला पटत नाही. पहिल्या वेळी मीही रात्री तिच्याशेजारी फरशीवर बसून डोळे पुसले होते, खोटं कशाला बोलू. पण तिने रिकाम्या घरट्यात काही शोधलं नाही, कुणाला हाका मारल्या नाहीत. सतरा दिवसांचं एक घड्याळ होतं, ते वाजलं, तिने काम केलं, घड्याळ थांबलं. रडणं माझं होतं.

त्या दिवसांत काय करायचं? फारसं काही नाही. घरटं मोडायचं नाही. दुसऱ्या वेळी मी उत्साहाने झाडून काढलं, तर तिने संध्याकाळपर्यंत पोटाचेही केस काढून नवं केलं. गवत भरपूर ठेवायचं. ते केस पोटात जातात, सशाला ओकता येत नाही, आणि आतडं चालतं ठेवायला वाळलेल्या गवतासारखं दुसरं काही नाही. बाजारात सहज मिळतो तो लसूणघास मात्र मोठ्या सशाला रोज घालू नका, त्यात कॅल्शियम फार. हात लावायला जाऊ नका. माझ्या उजव्या करंगळीवर अजून खूण आहे, आणि ती एरवी मांडीवर झोपणाऱ्या खारीने केलेली आहे. नजर ठेवायची ती लेंड्यांवर. दहा-बारा तास खाणं आणि लेंड्या दोन्ही बंद असतील तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठायचा.

आणि नर कधी जवळपास आलाच नव्हता याची खात्री नसेल, तर आधी पोट तपासून घ्या. खोटं गाभणपण हे निदान आपण घरी करायचं नसतं.

वर्षात असं चारदा झालं. “एकदा होऊ द्यायची होती पिल्लं, हौस फिटली असती तिची,” असं मला किमान तीन जणींनी सांगितलं. फिटत नाही. पिल्लं झाल्याने खोटं गाभणपण थांबत नाही, आणि व्यायल्यावर ती त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. पाच-सात पिल्लांपैकी ‘एक आमच्यासाठी’ घेणारे तिघे-चौघे, तेही मुलांची परीक्षा जवळ येईपर्यंत. त्याहून मोठं कारण गर्भाशयाच्या कॅन्सरचं. नसबंदी न केलेल्या माद्यांत वयाबरोबर तो झपाट्याने वाढतो. काही पाहण्यांत चार वर्षांपुढच्या माद्यांमध्ये निम्म्याहून जास्त जणींत तो सापडला आहे.

नसबंदीसाठी पहिल्या डॉक्टरांकडे गेले तर ते म्हणाले, “आदल्या रात्री दहापासून पाणीसुद्धा देऊ नका.” हा कुत्र्याचा नियम. कुत्रा भुलीत ओकेल म्हणून उपाशी ठेवतात. जो ओकूच शकत नाही त्याला रात्रभर उपाशी ठेवलं तर उलट आतडं बंद पडायचं. माणूस वाईट नव्हता, त्यांच्याकडे ससे येतच नसावेत. मी दुसरे डॉक्टर शोधले. त्यांनी घरट्याचे दिवस संपल्यावर तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली आणि सांगितलं, “तिचं नेहमीचं गवत बरोबर आणा. डोळे उघडले की पहिलं ते.” संध्याकाळी पाच वाजता, अजून मान डुलत असताना, तिने एक काडी चघळायला घेतली. ती काडी संपेपर्यंत मी खुर्चीवरून उठले नाही.

तर नाही, पिल्लं नाहीत आणि होणारही नाहीत. खारीचं घरटं बंद झालं. चकलीची तारीख मात्र पुढच्या महिन्यातली आहे, आणि काल दुपारी खारीच तिच्यावर चढलेली मी पाहिली. काल चार तारीख होती. कालनिर्णयवर या वेळी ‘ख’ लिहिलाय. एकवीसच्या आत दिवाणाखालचे खोके हलवायचे आहेत.