मेरुरज्जूतील गाठ आणि आधाराच्या दोन वाटा

माझ्या थोरल्या बहिणीच्या मेरुरज्जूत, मानेच्या खालच्या भागात, एपेंडायमोमा जातीची गाठ निघाली, त्याला आता काही वर्षे झाली. शस्त्रक्रियेनंतर ती काठी घेऊन चालते आणि भांडुपच्या घरी स्वतःचा स्वयंपाक स्वतः करते. ओळखीपाळखीतून कोणाकडे असे निदान झाले की फोन आमच्याकडे येतो. त्या लोकांना मी तुकड्यातुकड्याने जे सांगत आले, ते येथे एकत्र लिहीत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, हा रुग्ण कर्करोगाची व्यवस्था आणि अपंगत्वाची व्यवस्था यांच्या मधल्या फटीत सापडतो, आणि म्हणून त्याच्या घरच्यांनी आधार दोन्हीकडे शोधला पाहिजे.

आधी आजाराविषयी. मेंदूपासून निघालेला मेरुरज्जू कण्याच्या पोकळीतून खाली येतो आणि प्रौढ माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याची लांबी साधारण ४५ सेंटिमीटर असते आणि जाडी करंगळीएवढीही नसते. त्याच्याभोवती आवरणे असतात. गाठ आवरणाच्या बाहेर आहे, आवरणाच्या आत पण रज्जूच्या बाहेर आहे, की थेट रज्जूच्या आत आहे, यावर पुढचे बरेच काही ठरते. आवरणाबाहेरच्या गाठी पुष्कळदा स्तन, फुप्फुस किंवा प्रोस्टेटच्या कर्करोगातून पसरलेल्या असतात. आवरणाच्या आतल्या, रज्जूला बाहेरून दाबणाऱ्या मेनिन्जिओमा आणि श्वानोमा या गाठी बहुतेक वेळा साध्या, म्हणजे कर्करोगाच्या नसलेल्या, असतात आणि पूर्ण काढता येतात. रज्जूच्या आतल्या गाठींमध्ये प्रौढांत एपेंडायमोमा आणि लहान मुलांत अ‍ॅस्ट्रोसायटोमा अधिक आढळतो. नातेवाईक पहिल्या दिवशी विचारतात ते "कॅन्सर आहे का?" एवढेच. हा प्रश्न स्वाभाविक आहे, पण "गाठ नेमकी कोठे आहे?" हाही प्रश्न तितक्याच आग्रहाने विचारायला हवा, कारण साधी गाठसुद्धा त्या अरुंद पोकळीत रज्जूवर दाब आणून हातापायांची शक्ती घालवू शकते.

लक्षणे फसवी असतात. पाठ किंवा मान दुखते, आणि ते दुखणे रात्री आडवे झाल्यावर वाढते. हळूहळू बोटे बधिर होतात, पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही. लोकलच्या गर्दीत रोज उभ्याने प्रवास करणाऱ्या माणसाची पाठदुखी कोणी गांभीर्याने घेत नाही, आणि ताईच्या बाबतीतही मलम, पट्टा आणि शेक यांतच बरेच महिने गेले. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोगही कमी नाही, त्यामुळे डॉक्टरांना तोही विचारात घ्यावा लागतो. निदानाचा मुख्य आधार म्हणजे कॉन्ट्रास्ट (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून दिले जाणारे द्रव्य) देऊन केलेला एमआरआय. मात्र पायांतली शक्ती झपाट्याने कमी होत असेल, लघवी अडत असेल किंवा नकळत होत असेल, अथवा बैठकीची जागा बधिर झाली असेल, तर ओपीडीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी न्यूरोसर्जरीची सोय असलेल्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे.

शस्त्रक्रियेबद्दल सर्जन समजावून सांगतात. ती चालू असताना चेतामार्गांवर यंत्राने लक्ष ठेवले जाते, हेही बहुतेकांना सांगितले जाते. पण नंतरच्या एका गोष्टीची कल्पना आम्हाला पुरेशी नव्हती. रज्जूच्या आतल्या गाठीपर्यंत पोहोचण्यासाठी रज्जू मागच्या बाजूने मध्यरेषेवर उघडावा लागतो, आणि आपले हातपाय कोठे आहेत याची जाणीव मेंदूकडे नेणारे तंतू नेमके तेथेच असतात. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर काही काळ रुग्णाची स्थिती आधीपेक्षा वाईट वाटू शकते. ताईच्या पायांत बळ होते, पण पाऊल कोठे पडते ते नजरेने पाहिल्याशिवाय तिला कळत नसे. अंधारात ती उभी राहू शकत नसे आणि तोंड धुताना डोळे मिटले की तोल जाई. "पाय माझे आहेत, पण निरोप देत नाहीत," असे ती म्हणायची. पुढच्या काही महिन्यांत फिजिओथेरपीने यात पुष्कळ सुधारणा झाली, सगळी झाली नाही. तिची गाठ पूर्ण निघाल्यामुळे रेडिएशन द्यावे लागले नाही. एमआरआय मात्र ठरावीक अंतराने चालूच आहे.

घरी आणल्यावर खरी परीक्षा बधिर त्वचेची आणि लघवीची असते. बधिर पायांवर गरम पाण्याची पिशवी कधीही ठेवू नये, कारण भाजले तरी रुग्णाला कळत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाड आणि टाचांवर जखमा होतात. मूत्राशय पूर्ण रिकामे होत नसेल तर दिवसातून ठरावीक वेळा स्वच्छ कॅथेटर (बारीक नळी) घालून लघवी काढण्याची पद्धत परिचारिकेकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावी, आणि ती डिस्चार्जच्या आधी शिकावी, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे. त्या दिवशी बिल आणि औषधे यांतून कोणाचेच लक्ष जागेवर नसते.

आता आधाराविषयी. हा आजार विरळ असल्यामुळे केवळ याच रुग्णांचा गट शोधत बसल्यास हाती फारसे लागत नाही. एक वाट कर्करोगाच्या बाजूची आहे. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय, ब्रेन ट्यूमर फाउंडेशन ऑफ इंडिया आणि इंडियन कॅन्सर सोसायटी या मुंबईतल्या संस्थांकडे अर्थसाहाय्याची आणि समुपदेशनाची चौकशी करता येते. दुसरी वाट मेरुरज्जूला इजा झालेल्या लोकांची, आणि माझ्या मते दैनंदिन जगण्यासाठी तीच अधिक उपयोगी पडते. हाजी अलीची १९५५ साली सुरू झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आणि शीवचे पॅराप्लेजिक फाउंडेशन येथे भेटणारे बरेच लोक अपघाताने त्या अवस्थेला आलेले असतात, पण कॅथेटर, व्हीलचेअर, पायांतला ताठरपणा आणि घराचा उंबरठा हे त्यांचे प्रश्न आपल्यासारखेच असतात.

पैशांसाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेखाली अंगीकृत (योजनेत सामील) रुग्णालयात प्रत्येक कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. तेथील आरोग्यमित्राला (योजनेचे काम पाहणाऱ्या मदतनिसाला) आणि समाजसेवा अधीक्षकांना दाखल होतानाच भेटावे. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, हे तोंडाने मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही. कमजोरी कायमची राहिली तर दिव्यांगत्वाच्या यूडीआयडी कार्डासाठी (सरकारी ओळखपत्रासाठी) अर्ज करावा. ताई बरेच दिवस नाही म्हणत होती. कार्ड काढले म्हणजे हार मानली, असे तिला वाटे. लोकलच्या दिव्यांग डब्यातून दादरपर्यंत बसून गेल्यावर तिचा विरोध मावळला.

राहता राहिले काळजी घेणारे. भाऊजींनी ताईला उचलून उचलून स्वतःची कंबर धरून घेतली, तेव्हा फिजिओथेरपिस्टने आम्हा सगळ्यांना माणूस पलंगावरून खुर्चीत कसा घ्यायचा हे शिकवले. त्यानंतर रात्रीच्या पाळ्या वाटून घेतल्या: एका रात्री भाचा, एका रात्री मी, आणि भाऊजींना सलग झोप. शेजारच्या काकू विचारायच्या, "काही मदत लागली तर सांगा हं." आम्ही "नको, नको" म्हणत राहिलो, आणि मग एकदा भाचा म्हणाला, "काकू, मंगळवारी दुपारी तुम्ही आईजवळ दोन तास बसाल का? मावशीला तेव्हा दवाखान्यात जायचे आहे." काकू आल्या, आणि पुढे प्रत्येक मंगळवारी येत राहिल्या.