कडू माल: आमची वाटचाल

अंबडच्या एमआयडीसीत गाळा भाड्याने घेतला, त्या वर्षी द्राक्षाचे बरे पैसे झाले होते. वडिलांनी त्यातलेच काढून दिले आणि वर विचारलं, "पाला उकळायला एवढे पैसे?" प्रश्न चुकीचा नव्हता.

माल ठरला ओलेकिराईत. तापात ज्याचा काढा पितात, तेच. त्यातला मुख्य कडू घटक अँड्रोग्राफोलाइड. अर्क काढायचा आणि त्यातल्या या घटकाच्या टक्क्यावर विकायचा, असा बेत. पहिली चूक माझ्याच तोंडची. फोनवर 'चिराईत' म्हणालो आणि काडेचिराईताची पोती आली. ते हिमालयातलं, वेगळ्याच कुळातलं झाड. कडू तेही जहर, पण अँड्रोग्राफोलाइड त्यात औषधालाही नाही.

पुढचा माल बरोबर आला, पण निम्म्या काड्या. हा घटक पानांत भरपूर, काडीत नावापुरता. शिवाय फुलोऱ्यात कापलं तर ठीक. बी धरल्यावर टक्का उतरतो. पेठकडच्या शेतकऱ्यांना हे पटवायला दोन हंगाम गेले. वडिलांना मात्र लगेच उमगलं: "म्हणजे ब्रिक्स, रसातली साखर, बघून द्राक्ष काढतो, तसंच की."

पाण्यात हा घटक जवळजवळ विरघळत नाही, म्हणून अल्कोहोल. मिथेनॉल या विषारी अल्कोहोलने काम छान होतं, पण मालात ते 3000 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 3000) वर राहून चालत नाही. आम्ही इथेनॉलवर, म्हणजे दारूतल्या अल्कोहोलवर आलो. त्याच्या परवान्याचे कागद जमवणं हे वेगळंच शिक्षण. हिरवा रंग कोळशाने उतरवतो. कोळसा जास्त पडला की रंगाबरोबर मालही जातो. हे आम्ही एक अख्खा घाणा घालवून शिकलो.

खरी फजिती चाचणीत झाली. अर्क जिवाणूंवर चालतो का हे बघायला जिवाणू पसरलेल्या आगरच्या (जेलीसारख्या थराच्या) प्लेटमध्ये भोकं पाडून त्यात तो भरला. दुसऱ्या दिवशी प्रत्येक भोकाभोवती मोठं स्वच्छ वर्तुळ, म्हणजे तिथे जिवाणू वाढलेच नाहीत! सगळ्यांना मिसळ खिलवली. तिखट उतरायच्या आत आमच्या केमिस्ट मुलीने विचारलं, "सर, नुसतं सॉल्व्हंट घातलेलं भोक कुठंय?" ते पाडलंच नव्हतं. पाडलं, तर त्याच्याभोवतीही तेवढंच वर्तुळ. जिवाणू मारले होते ते न उडालेल्या अल्कोहोलने.

तेव्हापासून कोऱ्या भोकाशिवाय प्लेट लावत नाही. टक्का एचपीएलसीवर, म्हणजे घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, बाहेरच्या लॅबकडून मोजून घेतो. आमच्या जिभेचा अंदाज फक्त पोती उतरवताना.

परवा एका खरेदीदाराला डीपीपीएच या अँटिऑक्सिडंट चाचणीचा झकास आलेख हवा होता. जांभळा रंग पिवळा पडला की गिऱ्हाइकाला आवडतं, म्हणे. त्या चाचणीत अँड्रोग्राफोलाइड फारसं चमकत नाही. उजळ आकडा हवा तर थोडा आवळा मिसळावा लागेल, असं मी म्हटलं. "मग मिसळा की," तो म्हणाला. ऑर्डर सोडली. वडील दिवसभर बोलले नाहीत माझ्याशी.