तीनशे पेपर आणि माझा सतरावा प्रश्न

एमसीक्यू पेपर म्हणजे मास्तरांना आराम, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा ३०० उत्तरपत्रिका हाताने तपासून बघाव्यात. मी हे तीन वर्षं केलंय. बरोबर उत्तरांच्या जागी भोकं पाडलेला पुठ्ठा शीटवर ठेवायचा, भोकांतून दिसणारे काळे गोल मोजायचे, मार्क टाकायचे, पुढचा घ्यायचा. पहिले पन्नास नीट होतात, मग कधीतरी पुठ्ठा जरासा सरकतो आणि एखादं हुशार पोर ४० पैकी ६ वर येतं तेव्हा कुठे ट्यूब पेटते. आणि एखाद्याने एकाच प्रश्नाला दोन गोल काळे केले असतील तर ते पुठ्ठ्यातून दिसतच नाही, म्हणजे तो फुकटचा मार्क घेऊन गेला!

शेवटी वैतागून ऑटो मल्टिपल चॉइस हे पेपर बनवणारं आणि तपासणारं सॉफ्टवेअर वापरायला घेतलं, सगळे एएमसी म्हणतात. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, लिनक्सवर चालतं, प्रश्न लाटेकमध्ये, म्हणजे कमांड लिहून पान मांडायच्या भाषेत लिहायचे, आणि लाटेकची भीती वाटत असेल तर साध्या टेक्स्टचीही सोय आहे. प्रत्येकाला वेगळा पेपर छापता येतो, प्रश्नांचा क्रम वेगळा, पर्यायांचा वेगळा, त्यामुळे "सातव्याचं क आहे" असं कुजबुजून काही उपयोग नाही, शेजाऱ्याचा सातवा प्रश्नच दुसरा असतो. पानाच्या चार कोपऱ्यांत काळे ठिपके असतात आणि वरच्या बाजूला बारीक चौकोनांची ओळ, तो त्या पानाचा नंबर, बायनरीत, म्हणजे काळ्या-पांढऱ्या चौकोनांत लिहिलेला. पान थोडं वाकडं स्कॅन झालं तरी ठिपक्यांवरून ते जुळवून घेतं, चौकोनांवरून कुठल्या पेपरचं कुठलं पान ते ओळखतं आणि मग प्रत्येक चौकट किती काळी झालीय ते मोजतं. काळे गोल वाचणारं ओएमआरचं वेगळं मशीन लागत नाही, एकामागोमाग कागद ओढणारा साधा स्कॅनर पुरतो.

आता माझे पराक्रम. पहिल्याच परीक्षेत पर्याय शफल झाले आणि "वरीलपैकी सर्व" हा कित्येक पेपरांत पहिला पर्याय म्हणून आला. एका मुलाने हात वर करून विचारलं, "सर, वर तर फक्त प्रश्न आहे." ठराविक पर्याय शेवटीच ठेवायची कमांड आहे हे नंतर मॅन्युअलमध्ये सापडलं, अर्थातच. "अ आणि क दोन्ही" वाले प्रश्न मात्र मी सरळ काढून टाकले, तसेही ते आळसाने काढलेले होते.

दुसऱ्या वेळी स्टेपल. पिन उपसताना कोपरा फाटला की कोपऱ्यासोबत ठिपकाही गेला, मग ती पानं स्क्रीनवर उघडून एकेक टिक हाताने भरत बसलो. आणि सगळ्यात मोठा गाढवपणा म्हणजे पेपर छापून झाल्यावर एक स्पेलिंग दिसलं म्हणून फाइलमध्ये सुधारलं आणि परत कंपाइल केलं, म्हणजे पानं नव्याने बनवली. एक ओळ वर सरकली, तिच्याखालच्या सगळ्या चौकटी सरकल्या, छापलेलं पान एक आणि सॉफ्टवेअरच्या डोक्यात दुसरंच. छापल्यावर मजकुराला हात लावायचा नाही. कुठलं उत्तर बरोबर एवढंच बदललं तर चालतं, त्याने पान हलत नाही.

निगेटिव्ह मार्किंगवर स्टाफरूममध्ये नेहमी भांडण होतं, मी एवढंच सांगतो की चार पर्याय असले तर ४० प्रश्न निव्वळ अंदाजपंचे मारणाऱ्यालाही सरासरी १० मिळतात, आणि चुकीला एक तृतीयांश कापला की तीच सरासरी शून्यावर येते. कापायचा की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं.

पण खरी मजा मार्क लागल्यावर. निकालाची सीएसव्ही, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणारी यादी काढायची, एकूण मार्कांवरून वरची २७ टक्के पोरं आणि खालची २७ टक्के वेगळी करायची आणि प्रत्येक प्रश्न दोन्हीकडे कितींना आला ते बघायचं. चांगला प्रश्न वरच्यांना जास्त येतो. माझ्या फाइलमधला सतरावा उलटा निघाला, खालच्यांना जास्त आलेला! प्रश्न होता, यातलं कुठलं ऑक्साइड सोडियम हायड्रॉक्साइडशी अभिक्रिया करतं. माझं उत्तर कार्बन डायऑक्साइड. पर्यायांत ॲल्युमिनियम ऑक्साइडही होतं, ते उभयधर्मी, म्हणजे आम्ल आणि अल्कली दोघांशी अभिक्रिया करणारं, तेही करतं, आणि हे वर्गात मीच शिकवलेलं. वरच्या गटातल्या बऱ्याच जणांनी तेच काळं केलेलं.

मी हे बघतच होतो तेवढ्यात एक मुलगी पुस्तक घेऊन केबिनमध्ये आली, नेमक्या त्याच मुद्द्यावर बोट ठेवूनच. म्हटलं बरोबर आहे तुझं, थांब. फाइलमध्ये दुसरा पर्यायही बरोबर धरला, परत मार्किंग चालवलं, ती उभी असतानाच सगळे ३०० पेपर नव्याने लागले. पुठ्ठ्याच्या काळात मी तिला सोमवारी ये म्हटलं असतं आणि सोमवारपर्यंत ती विसरेल अशी आशा धरली असती. मग तिचे मार्क उघडले तर जेवढे होते तेवढेच. तिने आधीच कार्बन डायऑक्साइड केलेलं होतं.

"मग तू कशाला आलीस?"

"मैत्रिणीचं चुकवलं होतंत ना सर."