‘दोन्ही एकाच व्यक्तीचे?’

एका डॉक्टरबाईंच्या बढतीच्या फायलीत प्रकाशनांच्या यादीशेजारी कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘निम्मे लेख चयापचयावर, निम्मे श्वसनरोगांवर. दोन्ही एकाच व्यक्तीचे?’ बडोद्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात अशा फायली तपासायला माझ्याकडे येतात. या वेळी संध्याकाळच्या बैठकीआधी उत्तर हवं होतं.

शंका रास्त, तिचं कारण मात्र कच्चं. लठ्ठपणात पोटाची चरबी श्वासपटल वर ढकलते आणि श्वास सोडल्यावर फुप्फुसांत उरणारी हवा घटते. बीएमआय 30 च्या पुढे, झोपेत श्वास अडखळतो, आणि दुसरं कारण नसताना जागेपणीही धमनीतल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब 45 मिमी पाऱ्याच्या वर, असा रुग्ण छातीच्या ओपीडीत असतो तसाच मधुमेहाच्याही. त्यामुळे विषयावरून माणूस ओळखायला जाऊ नये.

नाव त्याहून फसवं. पबमेडमध्ये, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीत, आडनाव आणि एकच आद्याक्षर टाकलं, की त्या अक्षरानं सुरू होणारी सगळी मंडळी हजर: ‘कुलकर्णी एस’ शोधा, ‘कुलकर्णी एसव्ही’ आणि ‘एसएम’ही येतील. नाव अवतरणचिन्हांत घालून पुढे लेखकाची खूण, ‘[au]’, दिली तरच हे थांबतं. इथे डॉक्टरबाईंनी काही लेखांत एक आद्याक्षर दिलेलं, काहींत दोन, आणि सुरुवातीचे लेख माहेरच्या आडनावानं.

मग संस्थेच्या पत्त्यावरून शोध. ‘बडोदा’ आणि ‘वडोदरा’ ही दोन्ही स्पेलिंगं ‘ऑर’नं जोडावी लागतात, हे इथल्या कुणालाही सुचेल. खरी गोम पुढे आहे. 1988 पासून 2013 पर्यंतच्या नोंदींत पबमेड साधारणपणे पहिल्या लेखकाचाच पत्ता देतं; सगळ्यांचे पत्ते 2014 पासून. त्या काळातला पहिला लेखक दिल्लीचा आणि बाई तिसऱ्या असतील, तर गावाच्या नावानं तो लेख जन्मात सापडणार नाही.

म्हणून प्रत्येक लेखाची पीडीएफ उघडून तक्ता केला: पीएमआयडी (पबमेडचा नोंद-क्रमांक), डीओआय (लेखाची कायमची डिजिटल ओळख), लेखकक्रम, छापील पत्ता, सहलेखक. डीओआयनुसार क्रम लावला आणि दुबार नोंदी शेजारी आल्या. लेख डिसेंबरात ऑनलाइन, अंकात मार्चमध्ये. वर्षं दोन, लेख एक. शुद्धिपत्राला वेगळा पीएमआयडी मिळतो, तेही यादीत लेख होऊन बसलं होतं. अधिवेशनांचे सारांश जास्त चकवतात. युरोपियन रेस्पिरेटरी जर्नलच्या पुरवणीत छापलेल्या सारांशालाही डीओआय असतो, आणि पुढे त्याच कामाचा पूर्ण लेख येतो. सारांश खोटा नसतो, पण त्याचा रकाना वेगळा. मोठ्या बहुकेंद्री पाहणीतलं नावही जपून मोजावं. आयझॅक या दम्याच्या पाहणीचा लॅन्सेटमधला 1998 चा लेख सुकाणू समितीच्या नावावर आहे. अशा कामात केंद्रांवर राबणारे सहयोगी ठरतात, लेखक नव्हे.

उत्तर मिळालं ते सहलेखकांच्या रकान्यात. बायोकेमिस्ट्रीचे एक प्राध्यापक स्पायरोमेट्रीच्या, म्हणजे फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजण्याच्या, लेखांतही होते आणि इन्सुलिन रेझिस्टन्सच्याही. उंदरांच्या यकृतावरच्या मोजक्या लेखांत मात्र ओळखीचं एकही नाव नाही, पत्ताही दुसऱ्या राज्यातला. ते त्याच आद्याक्षरांच्या दुसऱ्या बाईंचे निघाले. आपोआप सुचवलेली यादी एका क्लिकवर मान्य केली की असं होतं.

त्या प्राध्यापकांच्या नावानं शोधताना यादीत नसलेले दोन लेख हाती लागले. गुजरातेत अर्जावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं. जर्नलच्या प्रणालीनं शेवटचा शब्द आडनाव धरला आणि बाई नवऱ्याच्या नावाखाली नोंदल्या गेल्या. त्यातला एक लेख नेमका दोन्ही विषयांना जोडणारा, लठ्ठ रुग्णांची साखर आणि स्पायरोमेट्री यांवरचा, आणि पहिल्या लेखिका त्याच. पेन्सिलीच्या प्रश्नाखाली मी त्याचा पीएमआयडी लिहिला.

यादी आखडली, पण तिच्यातली प्रत्येक ओळ आता छापील पानावर दाखवता येत होती. बाईंच्या ऑर्किड खात्यात, म्हणजे संशोधकाच्या ओळख-क्रमांकाच्या खात्यात, लेख पीएमआयडी देऊन एकेक चढवले. त्या 16 अंकी क्रमांकात शेवटी कधी ‘एक्स’ येतो. तो पडताळणीचा अंक आहे, टायपिंगची चूक समजून खोडू नये. नावाच्या दुरुस्तीसाठी पबमेडला लिहून भागत नाही, जर्नलनं पाठवलेली माहितीच ते दाखवतात. तेव्हा दोन्ही संपादकांना छापील पानाच्या प्रतीसह पत्रं गेली.