तीन मतांचा चित्रकार

जॉर्ज केलेब बिंगहॅमची चित्रं कुणाला दाखवली आणि हा माणूस अमेरिकेतल्या मिझुरी राज्याचा कोषाध्यक्षही होता असं सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘हातात एवढी कला असताना राजकारणात कशाला पडला?’ विचारणाऱ्याच्या सुरात हळहळ असते आणि आयुष्य वाया घालवलं असा निकालही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. राजकारणात उतरला नसता, आणि उतरल्याबरोबर आपटला नसता, तर त्याचं सगळ्यात चांगलं चित्र झालंच नसतं.

जन्म १८११चा, व्हर्जिनियातला. कुटुंब मिझुरीत आलं तेव्हा पोरगा आठ वर्षांचा होता आणि मिझुरीला अजून राज्याचा दर्जाही नव्हता. चार वर्षांत वडील गेले. आईने मुलींची शाळा चालवून संसार ओढला. मुलगा सुतारकाम शिकायला लागला आणि पुढे गावोगाव हिंडून लोकांची पोर्ट्रेट करू लागला. बहुतेकांना माहीत असतं ते त्याचं १८४५चं नदीवरचं चित्र: धुकट सकाळ, लांबट होडी, म्हातारा फ्रेंच व्यापारी, त्याचा मुलगा आणि टोकाशी बांधलेलं काळं पिल्लू. अमेरिकन आर्ट युनियन या कलासंस्थेने ते ७५ डॉलरला घेतलं. आज ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममध्ये आहे. चित्र सुरेखच आहे. पण माझा जीव रमतो तो त्याच्या गर्दीत.

ती गर्दी त्याला निवडणुकीने दिली. १८४६ साली तो सलीन काउंटीतून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं काहीतरी) विग पक्षातर्फे, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाच्या तेव्हाच्या विरोधकांतर्फे, राज्याच्या विधिमंडळासाठी उभा राहिला. समोर इरॅस्मस डार्विन सॅपिंग्टन. नावावर जाऊ नका, माणूस तालेवार घरचा. वडील डॉक्टर, हिवतापावरच्या क्विनाइनच्या गोळ्या विकून त्यांनी बक्कळ पैसा केलेला. एक मेहुणा राज्यपालपद भूषवून बसलेला, दुसरा पुढे राज्यपाल होणारा. अशा घराण्यासमोर आपला रंगारी तीन मतांनी निवडून आला. सॅपिंग्टनने निकालाला आव्हान दिलं. फैसला विधिमंडळाच्या हाती, आणि तिथे बहुमत सॅपिंग्टनच्या डेमोक्रॅटिक पक्षाचं. बिंगहॅमची जागा गेली.

तेव्हा जेम्स रोलिन्स या जिवलग मित्राला त्याने जे लिहिलं त्याचा मतलब असा: हे एकदाचं संपलं की अंगावरचे कपडे काढून पुरून टाकीन, वाळू-पाण्याने अंग खसाखसा घासीन आणि या चिखलात पुन्हा पाऊल टाकणार नाही. दोन वर्षांनी गडी त्याच सॅपिंग्टनसमोर पुन्हा उभा, आणि या खेपेला निवडूनही आला. राजकारणाची शिसारी आणि ओढ एकाच माणसात असू शकते, हे आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगायला नको.

यातून १८५२ साली ‘द काउंटी इलेक्शन’ हे चित्र झालं. तेव्हा मिझुरीत मत गुप्त नव्हतं. बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायची आणि उमेदवाराचं नाव सगळ्यांदेखत मोठ्याने सांगायचं. चित्रात कचेरीच्या पायऱ्यांवर नेमकं हेच चाललंय. शेजारी टोपी उचलून अदबीने झुकणारा उमेदवार आहे. तो सॅपिंग्टनच, असं मानतात. एका दारूने लोळागोळा झालेल्याला कुणीतरी ओढत मतदानाला नेतंय. एक डोकं बांधून बसलाय, बहुधा चर्चा मुद्द्यांवरून गुद्द्यांवर आली असावी. पोरं खाली मातीत खेळतायत. पायऱ्यांवर एक जण मांडीवर कागद घेऊन काहीतरी रेखाटतोय. तो स्वतः बिंगहॅम असावा असा अनेकांचा तर्क आहे. आणि निळ्या झेंड्यावर लिहिलंय, जनतेची इच्छा हाच सर्वोच्च कायदा.

या माणसाची जागा ढळढळीत काढून घेतली होती. त्याने या चित्रात सूड उगवला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. पण चित्रात खलनायक नाही. दारुड्यावर जेवढी माया, तेवढीच उमेदवारावर. झेंड्यावरचं वाक्य उपहास आहे की श्रद्धा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि त्याचंही ठरलं नसावं. चित्रात काय नाही तेही बघा: मत देणारे सगळे गोरे पुरुष. डावीकडे पेयं ओतून देणारा एक काळा माणूस आहे, त्याला मत नाही. बिंगहॅमच्या कुटुंबातही गुलाम होते. इथे त्याची माया आखडते.

आता उलट बाजू. अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवीत तो संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या, बाजूने उभा राहिला आणि १८६२ ते १८६५ राज्याचा कोषाध्यक्ष होता. ऑगस्ट १८६३मध्ये दक्षिणेच्या बाजूने लढणाऱ्या क्वांट्रिलच्या गनिमी टोळीने कॅन्ससमधल्या लॉरेन्सवर हल्ला करून दीडशेच्या आसपास माणसं मारली. अशा टोळ्यांना थारा मिळू नये म्हणून चारच दिवसांनी संघराज्याच्याच जनरल थॉमस युइंगने हुकूम क्रमांक ११ काढला: सरहद्दीवरच्या तीन काउंटी आणि चौथीचा काही भाग, इथल्या बहुतेक रहिवाशांनी पंधरा दिवसांत घरं सोडायची. बिंगहॅम खवळला. रागात थोडं घरचंही होतं. त्याच महिन्यात कॅन्सस सिटीत युइंगच्या फौजेने गनिमांच्या नात्यातल्या बायकांना कोंडलेली इमारत कोसळून काही जणी मेल्या होत्या, आणि ती इमारत बिंगहॅमच्या सासुरवाडीची होती.

या हुकमावर त्याने मोठं चित्र केलं. त्यात छाती काढून उभा म्हातारा, पिस्तुलावर हात गेलेला शिपाई, जमिनीवर मुलाचं प्रेत, मागे घोड्यावर युइंग. राग रास्त होता, चित्र मात्र नाटकातल्या शेवटच्या प्रवेशासारखं ताठर झालं. कोण वाईट हे आधीच ठरल्यावर बघायला काही उरत नाही. तेव्हा राजकारणाने चित्रकार बिघडवला असं म्हणायचंच असेल तर या चित्रापुरतं म्हणा. ‘द काउंटी इलेक्शन’ धरून निवडणुकीची त्याची तिन्ही मोठी चित्रं सेंट लुईसच्या कला संग्रहालयात आहेत. ती बघून ही तक्रार करून दाखवा.

पुढेही पदं सुटली नाहीत. कॅन्सस सिटीच्या पोलीस मंडळाचा अध्यक्ष, राज्याचा अॅडज्युटंट जनरल (राज्याच्या लष्करी दलाचा वरिष्ठ अधिकारी), १८७७पासून मिझुरी विद्यापीठात चित्रकलेचा प्राध्यापक. आणि युइंगवरचा राग तोही शेवटपर्यंत. १८७९ साली युइंग ओहायोच्या राज्यपालपदासाठी उभा राहिला. बिंगहॅम जुलैमध्ये वारला. ऑक्टोबरात युइंग पडला.