गल्लीला नाव नाही, नंबर आहे

धुळ्याबाहेरच्या माणसाला आमच्या घराचा पत्ता सांगितला की तो हमखास थबकतो. ‘गल्ली नंबर चार’ एवढ्यावर पत्ता संपतो हे त्याला पटत नाही, आणि मग मला सांगावे लागते की आमच्या शहराच्या जुन्या भागात गल्ल्या नंबरांनीच ओळखल्या जातात आणि त्या इतक्या सरळ का आहेत याची हकिकत दोनशे वर्षांची आहे.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. पहिला पोलिटिकल एजंट म्हणून आलेल्या कॅप्टन जॉन ब्रिग्जने कारभाराचे ठाणे म्हणून धुळे निवडले, कारण गाव प्रांताच्या मध्याजवळ होते आणि मुंबईहून आग्र्याकडे जाणारा रस्ता इथूनच पांझरा नदी ओलांडत होता. १८१९ मध्ये त्याने नव्या वस्तीची आखणी केली आणि बऱ्हाणपूरकडच्या व्यापाऱ्यांना व कारागिरांना इथे येऊन राहण्याचे निमंत्रण दिले. त्याआधीच्या वस्तीला लोक आजही ‘जुने धुळे’ म्हणतात. तिथून चालत नव्या पेठेत आले की पायाखालची वाट एकाएकी सरळ होते. लहानपणी मला याचे कारण ठाऊक नव्हते, पण तो बदल मात्र जाणवत असे.

व्यापाऱ्यांना बोलावून वसवलेल्या या पेठेत माझ्या आजोबांचे धान्याचे दुकान होते. पुढे दुकान, मागे राहते घर, वर मातीचे धाबे आणि रस्त्याकडे ओटा, अशी ती रचना होती. आम्ही त्यांना आप्पा म्हणत असू. ओट्यावर बसून आप्पा रस्त्याची वर्दळ बघत आणि बैलगाड्या कोणत्या गावाहून आल्या हे बैलांच्या साजावरून ओळखत. मुंबईहून भुसावळकडे जाणारा मुख्य लोहमार्ग चाळीसगावावरून निघून गेला आणि धुळे बाजूला पडले. चाळीसगावाहून फाटा येथवर आला तो १९०० साली. त्यामुळे हे शहर आधी गाडीवाटेचे, मग रेल्वेचे, असे आप्पा ठासून सांगत, आणि मला ते पूर्णपणे पटते. पुढे राष्ट्रीय महामार्गही इथेच एकमेकांना मिळाले: मुंबई–आग्रा, सुरतेहून नागपूरकडे जाणारा आणि सोलापूरचा. आता अवजड वाहने शहराबाहेरून जातात, पण बाजारातल्या मूळ रस्त्याला कापड घ्यायला आलेली बाई अजून ‘आग्रा रोड’ असेच म्हणते.

पांझरेचाही उल्लेख केला पाहिजे. १८७२ च्या महापुराने शहराचे फार नुकसान केले, आणि आजही पावसाळ्यात पाणी चढले की देवपूरहून येणाऱ्यांची पहिली चौकशी पुलाचीच असते.

मला मात्र सर्वांत जवळची वाटते ती लोटगाडी. पाच कंदील परिसरात सकाळी माल उतरू लागला की टेम्पोला आत शिरायला जागा राहत नाही. तिथून पुढे दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत पोती नेण्याचे काम लोटगाडीच करते. बैलगाडीच्या काळात आखलेल्या या रुंदीत दोन्ही बाजूंना दुचाक्या उभ्या असतात, तरीही लोटगाडीवाला भरल्या ओझ्यासह वाट काढतो, कारण गल्ली सरळ असल्याने समोरून काय येते आहे ते त्याला दुसऱ्या टोकापर्यंत दिसते. या गल्ल्यांमध्ये वाहने उभी करण्यास दिवसभर मज्जाव असावा, असे मी मनापासून म्हणतो. माल वाहणाऱ्या माणसाचा हक्क इथे पहिला आहे.

गेल्या महिन्यात रात्री उशिरा बसस्थानकावर उतरलो. रिक्षावाल्याने विचारले, “कथा जानं शे, दादा?” मी नंबर सांगितला. त्याने पुढे काही न विचारता रिक्षा सुरू केली आणि मला बरोबर आप्पांच्या ओट्यासमोर आणून सोडले.