धडक, बोर्ड आणि गोलासमोरची जागा: अंगाच्या खेळाची वही

मंडळी, आईस हॉकीच्या मॅच बघताना डिफेन्समन, म्हणजे बचाव करणारा खेळाडू, अंग कसं वापरतो हे मी एका वहीत टिपतो. त्या वहीचा ताजा हिशोब देतो. आधी 'धडका' एवढा एकच रकाना होता, आता चार झालेत: धडक, बोर्डाजवळची (रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, कडेच्या भिंतीजवळची) झटापट, गोलासमोरची जागा आणि न दिलेली धडक. शेवटच्या रकान्यावर ग्रुपमध्ये भरपूर हसून झालंय, त्याचं पुढे सांगतो. पद्धत जुनीच आहे. पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, कुठेही जावो, नजर एकाच डिफेन्समनवर. हिवाळ्यात न्यूयॉर्क-टोरांटोकडची संध्याकाळी सातची मॅच आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागते. पहिले दोन पीरियड घरी होतात, तिसरा ठाण्याच्या लोकलमध्ये. नेरूळलाच सुटणारी गाडी धरतो म्हणून बसायला मिळतं, पण रबाळे-ऐरोलीला गर्दी चढली की वही मिटायची आणि खुणा फोनमध्ये टिपायच्या.

आधी धडकांबद्दल. एनएचएल, म्हणजे अमेरिका-कॅनडातली मोठी आईस हॉकी लीग, १९९७-९८ च्या मोसमापासून 'हिट' मोजतंय. पक ताब्यात असलेल्या किंवा नुकताच सोडलेल्या खेळाडूला मुद्दाम अंगाने धडक दिली, तर ती हिट. ती होती की नुसता धक्का लागला, हे त्या रिंकवर बसलेला मोजणारा ठरवतो. त्यामुळे एखाद्या रिंकवर हिट भसाभस पडतात, दुसरीकडे हात आखडता असतो. आकडा वाचताना मॅच कुणाच्या घरी झाली हे बघाच.

आता गंमत बघा. २०२४-२५ मध्ये व्हँकूव्हरच्या कीफर शेरवूडने ४६२ हिट दिल्या. त्याआधीचा विक्रम नॅशव्हिलच्या जेरेमी लॉझनचा, ३८३ चा, आदल्याच मोसमातला. शेरवूडने त्याच मोसमात १९ गोलही केले, म्हणजे नुसता रेडा नव्हे. पण व्हँकूव्हर प्लेऑफला, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांना, पोचलं नाही. यावरून हिट वाईट असं मी म्हणत नाही. मात्र धडक द्यायची तर पक समोरच्याकडे असावा लागतो. आपल्याकडे पक असताना कुणाला धडकणार? मोठा आकडा म्हणजे थोडीफार 'आम्ही पकमागे पळत होतो' अशी कबुलीही असते.

उलट बाजूला डेट्रॉइटचा निक्लस लिडस्ट्रॉम. वीस मोसम, १५६४ सामने आणि सगळ्या कारकिर्दीत मिळून पेनल्टीची, म्हणजे शिक्षा म्हणून बाहेर बसण्याची, ५१४ मिनिटं. सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी सात वेळा, एनएचएलचं विजेतेपद, स्टॅनली कप, चार वेळा. त्याला 'फिजिकल' म्हणायला माझे निम्मे मित्र तयार नाहीत. माझ्या मते तो सगळ्यांत फिजिकल होता, फक्त त्याच्या रकान्यांकडे टीव्हीचा कॅमेरा जात नव्हता.

आपण कबड्डी बघत मोठे झालेलो, म्हणून नव्या लोकांना मी एवढंच सांगतो: इथे डॅश चालतो, पकड चालत नाही. खांद्याने किंवा कमरेने, धडावर, पक ज्याच्याकडे आहे त्यालाच. हात गुंडाळले की होल्डिंग, काठी अडकवली की हुकिंग. पक नसलेल्याला अडवलं तर नियम ५६, इंटरफिअरन्स. बहुतेक वेळा दोन मिनिटं बाहेर.

या महिन्यात सगळ्यात जास्त पानं बोर्डाजवळच्या झटापटीने खाल्ली. एक कोपरा हळू करून परत परत बघितला. पक बोर्डाच्या तळाशी, हल्लेखोर काचेकडे तोंड करून, पाठ डिफेन्समनकडे. पाठीवरचा नंबर पूर्ण दिसतोय, म्हणजे इथून जोरात ढकललं तर बोर्डिंग (बोर्डावर आदळणं) किंवा चेकिंग फ्रॉम बिहाइंड (पाठीमागून धडक) यांची पेनल्टी, शिवाय समोरच्याच्या मानेचा प्रश्न. डिफेन्समन ढकलत नाही. आधी स्वतःची काठी समोरच्याच्या काठीच्या खालच्या भागावर आडवी ठेवतो. मग एक स्केट त्याच्या दोन स्केट्सच्या मधे सरकवतो. मग कंबर खाली नेऊन त्याच्या कमरेला टेकवतो आणि तिथेच राहतो. समोरच्याला वळता येत नाही, पाय उचलता येत नाही. तेवढ्यात मोकळ्या स्केटने पक मागे आलेल्या साथीदाराकडे ढकलला. तीन-चार सेकंदांचं काम. प्रेक्षक गप्प, हिटच्या खात्यात भोपळा, आणि पक सुटून दुसऱ्या टोकाला गेला. हे जर अंगाचं खेळणं नसेल, तर मग काय आहे?

गोलासमोरची जागा हा रकाना तापदायक आहे. गोलकीपरच्या डोळ्यांपुढे एक धिप्पाड फॉरवर्ड (हल्ला करणारा खेळाडू) उभा, त्याला हलवायचं, पण पक त्याच्याकडे नाही. पूर्वी तिथे पाठीत आडव्या काठीचे ठोसे सर्रास चालायचे. २०२१-२२ पासून एनएचएलने या ठोशांवर, म्हणजे क्रॉस-चेकिंगवर, शिट्टी कडक केली. आता चांगले डिफेन्समन पक यायच्या आधीच तिथे पोचून त्या फॉरवर्डच्या आतल्या, गोलाकडच्या बाजूला उभे राहतात आणि पक आला की त्याची काठी उचलतात. मी खूण करतो ती त्या उचललेल्या काठीची.

वहीत मुद्दाम न घेतलेल्या गोष्टीही आहेत. मारामारी घेत नाही. १५ फेब्रुवारी २०२५ ला माँट्रियलमध्ये अमेरिका-कॅनडा सामन्यात पहिल्या नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या झाल्या. आमच्या ग्रुपवर तेवढीच क्लिप फिरत होती. बघायला मजा आली, खोटं कशाला बोलू? पण त्यात पकचा संबंध काय? पक निघून गेल्यावर उशिरा दिलेली धडकही माझ्या लेखी अंगाचा खेळ नव्हे, तो राग आहे.

डोक्याचा विषय वेगळा. मे २००० मध्ये स्कॉट स्टीव्हन्सने मधल्या पट्ट्यात एरिक लिंड्रॉसला खांद्याने पाडलं तेव्हा पेनल्टी नव्हती. लिंड्रॉस त्यानंतर फिलाडेल्फियासाठी कधीच खेळला नाही. डोक्यावरच्या धडकेचा वेगळा नियम, ४८ क्रमांकाचा, २०१०-११ च्या मोसमात आला. अजूनही ती क्लिप 'खरी हॉकी' म्हणून पाठवणारे आहेत. त्यांना मी उत्तर देत नाही.

आता आपल्या अंगणाकडे. बर्फ आपल्याकडे नाही, म्हणून रविवारी सोसायटीच्या काँक्रीटवर इनलाइन, म्हणजे चाकांच्या स्केट्सवरची हॉकी. गोलकीपर सोडून चार-चार जण, आणि चेकिंगला, म्हणजे अंगाने धडक द्यायला, बंदी. नवीन आलेला प्रत्येक जण विचारतो, 'मग यात फिजिकल काय?' त्याला मी आमच्यातल्या एका कॉलेजच्या मुलीसमोर उभा करतो. वजनाने ती माझ्या निम्मी असेल. गुडघे वाकलेले, बूड मागे, पक लांबच्या बाजूला. तिच्या खांद्याला भिडलात तर तुम्हीच घसरता, वळसा घेतलात तर मधे तिची कंबर येते. कुणी म्हणेल, धडक नसेल तर खेळ मिळमिळीत. मुलींच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत १९९० च्या ओटावातल्या विश्वस्पर्धेनंतर पूर्ण चेकिंग बंद झालं, तरी कोपऱ्यातली झटापट बघा. आपल्या मुलींनी, बहुतेक लडाख आणि स्पितीच्या, २०२५ मध्ये अल ऐनला आशिया चषकात ब्राँझ आणलं ते याच खेळावर.

सरावात सध्या एकच गोष्ट: जोडीदाराने मागून रेटायचं आणि आपण पक भिंतीजवळ राखायचा. मांड्या बोलायला लागतात. पावसात काँक्रीटवर शेवाळ धरतं म्हणून हे स्टिल्ट पार्किंगमध्ये करतोय. सेक्रेटरींची परवानगी 'गाड्यांना ओरखडा नको' या अटीवर मिळाली आहे. गुडघ्यातून खाली राहणं जमायला लागलंय. मधे पाय घालणं अजून जमत नाही, चाकं चाकांत अडकतात. कुणाकडे युक्ती असेल तर सांगा.

आणि हो, न दिलेली धडक. डिफेन्समन मागे जात असताना समोरच्यापासून काठीभर अंतर राखतो, बाजूची वाट बंद करतो, आणि फॉरवर्ड धडकेच्या भीतीने पक लांब मारून टाकतो. स्पर्शही होत नाही, पण झालं ते अंगामुळेच. तो डिफेन्समन पाच फूट सहाचा आणि मऊ असता तर फॉरवर्ड सरळ घुसला असता. अडचण मोजण्याची आहे: भीतीने मारला की प्रशिक्षकाने सांगितलं म्हणून? मी तूर्त असा नियम केलाय की फॉरवर्डकडे मोकळा साथीदार दिसत असूनही त्याने पक फेकला, तरच खूण. तुमच्यापैकी दोघांनी तरी पुढच्या मॅचचा दुसरा पीरियड याच नियमाने मोजा आणि खुणा पाठवा. तिघांचे आकडे फारच वेगळे आले, तर हा रकाना काढून टाकेन.